दोन मतदारांची मतपेटी

पाटणकरांच्या मतपेटीची किल्ली आमच्या घरी चपलांच्या कपाटावरच्या खुंटीला अडकवलेली असे, कारण मी तटस्थ होतो. निदान पाटणकरांचा तसा समज होता. तो खोटा असल्याचे मला कित्येक वर्षे ठाऊक होते, आणि मी ते कोणालाही, अगदी पत्नीलाही, सांगितलेले नव्हते. माझा आवाज मुळातच लहान. लोक त्याला नम्रता समजतात, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या फंदात पडत नाही.

दिनकर पाटणकर बहारीनच्या झिंज भागातल्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे देवरुखचे. इथे जहाजांच्या गोदीत यंत्रदुरुस्तीचे अभियंते. त्यांची मतपेटी ॲल्युमिनियमची आहे. गोदीतल्या उरलेल्या पत्र्यातून त्यांनी ती स्वतः घडवली. वर घडी केलेली चिठ्ठी जाईल एवढी फट, पुढे छोटे कुलूप, आणि कडा अशा गुळगुळीत घासलेल्या की मतदाराच्या बोटाला इजा होऊ नये. ही पेटी त्यांच्या फ्रिजवर असे. मतदार दोन होते. पाटणकर आणि नलिनीवहिनी.

शुक्रवारी जेवणात कोणती भाजी करायची, पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे, सुट्टीच्या दिवशी झल्लाकच्या किनाऱ्यावर जायचे की घरी झोपायचे, हे सारे प्रश्न त्या घरात गुप्त मतदानाने सुटत. पाटणकर मतपत्रिकेवर चिन्हे काढत. भेंडी आणि दोडका ही दोन चिन्हे मी पाहिलेली आहेत. दोडक्याच्या शिरा यंत्राच्या आराखड्यात शोभाव्यात इतक्या नेमक्या होत्या. दोघे पाठमोरे उभे राहून फुली करत, घडी घालत, पेटीत टाकत. मग किल्ली घेऊन मी किंवा माझी मुलगी वर जायचो, कारण किल्ली तिऱ्हाइताकडे असलीच पाहिजे, असा पाटणकरांचा दंडक होता.

दोन मतदारांच्या मतदारसंघात एकमत नसेल तेव्हा बरोबरीच होणार, हे मी त्यांना एकदा सुचवून पाहिले.

"मोजल्याशिवाय बोलू नका," पाटणकर म्हणाले.

हे त्यांचे आवडते वाक्य. खालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचा, मल्याळी मालक पिशवीत अंडी भरून "बारा, साब" म्हणाला, तरी ते पिशवी गल्ल्यावर ठेवून "पहले गिनो, फिर बोलो" म्हणत आणि तो बिचारा गिऱ्हाइकांची रांग थांबवून अंडी मोजत बसे. अंडी नेहमी बाराच भरत. पाटणकरांच्या चेहऱ्यावर त्याचे समाधान असे दिसे, जणू काही अनपेक्षित निकाल लागला आहे.

बरोबरी झाली की दुसरी फेरी होई. दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रचाराला परवानगी होती. पाटणकर भेंडीच्या बाजूने बरेच बोलत. नलिनीवहिनींचा प्रचार एका वाक्याचा असे. "भेंडी घरात नाहीये."

हे सारे इटलीमुळे झाले होते.

पाटणकर नवे नवे गोदीत लागले तेव्हा ब्रूनो नावाचा एक इटालियन त्यांचा वरिष्ठ होता. जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या आईची एकच गोष्ट सांगे, आणि पाटणकरांनी ती आयुष्यभर पुरवून वापरली. अठ्ठेचाळीस साली इटलीत संसदेची निवडणूक होती. महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. देश दोन बाजूंना ओढला जात होता. एका बाजूचे चिन्ह ढालीवरचा क्रूस, दुसऱ्या बाजूचे ताऱ्यावर एका दाढीवाल्या देशभक्ताचा चेहरा. इटलीच्या गावागावांतली माणसे अमेरिकेत पोटासाठी गेलेली होती. त्यांनी तिकडून पत्रांचा पाऊस पाडला. ब्रूनोच्या मामाने बहिणीला लिहिले, ढालीला मत दे, नाहीतर कपड्यांची पार्सले बंद होतील. ब्रूनोच्या वडिलांनी तिला बजावले, ताऱ्याला मत दे, नाहीतर घरात पाऊल ठेवू नकोस. आई दोघांनाही हो म्हणाली. ठेवणीतला झगा घालून गेली, मत देऊन आली आणि चुलीपाशी बसली. देशात ढाल जिंकली. ब्रूनोच्या घरात मात्र दोन्ही बाजू जिंकल्या. मामा समाधानाने वारला, वडीलही समाधानाने वारले. आई म्हातारी झाल्यावर ब्रूनोने तिला विचारले, मत कोणाला दिले होतेस? ती म्हणाली, जेव, गार होतंय.

या ठिकाणी पाटणकर चष्मा काढून हातात धरत. "कुणाला दिलं ते तिचं तिलाच ठाऊक. नवऱ्यालासुद्धा विचारायचा हक्क नाही. लोकशाही लोकशाही म्हणतात ती एवढीच आहे, कर्णिक. बाकी सगळी सजावट."

ढाल जिंकल्याने पुढे युरोपचे काय झाले, याविषयी त्यांना काडीचे कुतूहल नव्हते.

त्याच्या दोन वर्षे आधी इटलीतल्या बायकांना देशपातळीवर पहिल्यांदा मत मिळाले होते. तेव्हा त्यांना म्हणे सांगितले होते, की लिपस्टिक लावून येऊ नका. मतपत्रिका ओठांनी ओलावून चिकटवायची असे, आणि तिच्यावर रंग लागला तर ती बाद. पाटणकरांनी हा नियम आपल्या घरात जसाच्या तसा आणला. नलिनीवहिनी लिपस्टिक लावत नसत. त्यांच्या बोटांना हळद असे. हळदीचा डाग पडलेली मतपत्रिका बाद, असा निर्णय पाटणकरांनी दिल्यावर कित्येक शुक्रवारी भेंडी एका मताने निवडून आली.

"मग त्याच बोटांनी केलेला स्वयंपाकही बाद धरा," वहिनी म्हणाल्या.

त्या शुक्रवारी पाटणकर आमच्याकडे जेवले. नियम मात्र बदलला नाही. वहिनी मतदानापूर्वी लिंबू लावून हात धुऊ लागल्या आणि तरीही अधूनमधून बाद होत राहिल्या.

अमेरिकेतल्या इटालियनांनी गावी पत्रे धाडली तर आपण का नाही, म्हणून महाराष्ट्रात निवडणूक लागली की पाटणकर देवरुखच्या धाकट्या भावाला पत्र लिहीत. कागदावर, शाईने, टपालाने. मजकूर ठरलेला. तू कोणाला मत द्यावेस हे मी सांगणार नाही, पण दे. भाऊ व्हॉट्सॲपवर एक अंगठा पाठवी. तो अंगठा पाटणकर मला जिन्यात थांबवून दाखवत.

आता मंडळाविषयी सांगितले पाहिजे, आणि तिथून माझी गोष्ट सुरू होते.

आमचे एक लहानसे मराठी मंडळ आहे. गणपती, संक्रांत, कोजागरी आणि वार्षिक सभा असे त्याचे चार सण. सभेत कार्यकारिणीची निवड बिनविरोध होते. ती आधी कोणाच्या तरी दिवाणखान्यात पोह्यांबरोबर ठरते आणि सभेत तिला टाळ्या मिळतात. आम्हांला याचा अभिमान आहे. 'निवड खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' हे अहवालातले वाक्य माझे असते. चिटणीसही मीच असतो, बिनविरोध.

दर वर्षी सनाबिसमधल्या हॉटेलच्या वरच्या सभागृहात टाळ्या थांबल्या की पाटणकर उभे राहत. मांडीवर पेटी असे. बिनविरोध म्हणजे निवडणूक झालीच नाही, ते सांगत. निदान मते टाका आणि मोजा. मागच्या खुर्च्यांतून कोणी तरी "आली इटली" म्हणे. कोणी म्हणे, "खलास, पाटणकर, पुऱ्या गार होताहेत." लोक हसत, पाटणकरही थोडे हसत आणि पेटी पुन्हा पिशवीत घालत. कोणाला राग नव्हता. आमच्यात राग येण्याइतके कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

एका वर्षी मात्र पाटणकरांनी अध्यक्षपदासाठी स्वतःचे नाव दिले. दुसरे नाव कामतसाहेबांचे होते. कामतसाहेब माझ्या कचेरीतले माझे वरिष्ठ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "कर्णिक, उगाच शोभा नको." एवढेच. त्यांनी मला खोटे बोलायला सांगितले नव्हते. ती माझी स्वतःची भर.

खरे तर पाटणकर पडले असते असे नाही. मंडळात चिपळूण-खेडकडची ड्रायव्हर आणि एसी दुरुस्ती करणारी बरीच मंडळी आहेत. त्यांच्यातल्या काहींनी मला आपणहून सांगितले होते, की यंदा मत पाटणकरांना टाकू, गंमत येईल. आणि नलिनीवहिनी आमचे पातेले परत करायला आल्या तेव्हा दारातच हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "भावजी, ह्यांना सांगू नका हं, गुप्त मतदानाचा भंग होईल. पण माझं मत ह्यांनाच. बाकीच्या बायकांचंही बघते मी."

मी वर गेलो तेव्हा पाटणकर मतपत्रिका काढत बसले होते. स्वतःसाठी त्यांनी पान्याचे चिन्ह घेतले होते आणि कामतसाहेबांना समई दिली होती. समई अधिक देखणी काढली होती. स्वयंपाकघरात वहिनी फोडणी देत होत्या.

मी सांगितले, की मी सगळ्यांशी बोललो आहे, आणि त्यांचे स्वतःचे सोडले तर त्यांना एकही मत नाही.

पाटणकरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मोजलंत?"

"हो," मी म्हणालो.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. मग उठून मधले दार हलकेच लोटले आणि माझ्याइतक्याच लहान आवाजात म्हणाले, "मग माघार घेतो. माझ्या नावावर एकच मत निघालं, तर हिचं कुणाला पडलं ते सगळ्या सभेला कळेल. ते गुप्त राहायला हवं."

'एकही नाही' म्हणताना त्यात नलिनीवहिनी येतात, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ध्यानात आले तेव्हा शब्द मागे घ्यायला भरपूर वेळ होता. पाटणकरांनी चहा करायला सांगितला, तो आला, आम्ही तो प्यायलो. त्या संपूर्ण वेळात मी चहात साखर कमी आहे एवढेच म्हणालो.

नलिनीवहिनींनी दुसऱ्या दिवशी मला विचारले, की ह्यांनी माघार का घेतली. मी म्हणालो, मंडळाच्या सलोख्यासाठी. त्या जिन्यातच टेकल्या आणि म्हणाल्या, "जिंकले नसते तरी चाललं असतं हो. निवडणूक झाली असती. ह्यांनी जन्मात कधी मत दिलेलं नाही, ठाऊक आहे तुम्हाला? इकडे आले तेव्हा विसाचे होते आणि तेव्हा मत एकविसाव्या वर्षी मिळायचं. पुढे निवडणूक आणि सुट्टी कधी जुळलीच नाही."

मला ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या अहवालातही मी खेळीमेळीच्या वातावरणाचा उल्लेख केला.

पाटणकरांनी बायकोला काही विचारले नाही. विचारण्याचा हक्क नाही, हे त्यांचे मत इटलीइतके जुने होते. बदल झाला तो शुक्रवारच्या निकालात. बरोबरी होणे थांबले. दुसऱ्या फेऱ्या बंद झाल्या. मी किल्ली घेऊन वर जाई, पेटी उघडे, आणि दर वेळी दोन्ही फुल्या दोडक्यावर निघत. पाटणकरांना दोडका घशाखाली उतरत नसे. "एकमताने दोडका," ते गंभीरपणे जाहीर करत आणि जेवायला बसत. माझी पत्नी म्हणे, या वयात किती एकमत आहे बघा दोघांचे. मी किल्ली खुंटीला अडकवी आणि हात धुवी.

हळदीच्या बाबतीत मात्र त्यांनी नियम सोडला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

मग एका वर्षी गोदीतून विचारणा झाली, की करार आणखी पुढे वाढवायचा की निवृत्त होऊन घरी जायचे. एवढा मोठा प्रश्न त्या पेटीपुढे आजवर आला नव्हता. पाटणकरांनी मतपत्रिकेवर एक जहाज काढले आणि एक कौलारू घर. गुरुवारी संध्याकाळी मतदान झाले. मोजणी शुक्रवारी जेवणानंतर ठेवली होती. शुक्रवारी मी किल्ली घेऊन वर गेलो तर दाराला कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले, की सकाळी नलिनीवहिनींच्या छातीत दुखू लागले म्हणून अँब्युलन्स आली होती. वहिनी परत आल्या नाहीत.

दिवसकार्य देवरुखला उरकून पाटणकर एकटे आले आणि त्यांनी करार वाढवला. मी भीतभीत कारण विचारले. "निकाल लागलेला नाही," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत जैसे थे."

त्या पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या. त्यांतली एक कोणती ते पाटणकरांना ठाऊक होते, म्हणजे पेटी उघडताच दुसरी कोणाची आणि कोणत्या बाजूची ते कळणार होते. आयुष्यभर अंडी मोजून घेणाऱ्या त्या माणसाने या दोन चिठ्ठ्या मोजल्या नाहीत. विचारले असते तर त्यांनी गुप्ततेचे कारण दिले असते. त्यांना कशाची भीती वाटते ते मला माहीत होते, कारण ती भीती मी त्यांना नेऊन दिली होती. त्यांनी किल्ली मागितली नाही. मी दिली नाही. वार्षिक सभेत ते आता उठून उभे राहत नाहीत. आमच्या सभा खरोखरच खेळीमेळीच्या वातावरणात होतात.

गेल्या महिन्यात शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मुलगी सुट्टीवर आलेली आहे, तिने दार उघडले आणि आत वळून म्हणाली, "बाबा, अपस्टेअर्सवाले अंकल." पाटणकर उंबऱ्याबाहेर उभे होते. इस्त्रीचा सदरा घातला होता.

"कर्णिक, किल्ली घेऊन वर या. मोजणी आहे."

गोदीचा तोच कागद पुन्हा आला होता. सही करा, नाहीतर घरी जा, आणि या वेळी उत्तर रविवारी हवे होते. हे त्यांनी मला जिन्यात सांगितले. वर स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पेटी ठेवली होती. ती नुकतीच पुसलेली होती. ओट्यावर कढई होती आणि वरचा पंखा धूर ओढत घरघरत होता.

"आज दोडका केलाय," पाटणकर म्हणाले. "एकमताने."

मी बसलो. त्यांनी कार्यपद्धती समजावून सांगितली. पेटी मी उघडायची. ते खिडकीकडे तोंड करून बसतील. दोन्ही चिठ्ठ्या मी पाहायच्या, मोजायच्या आणि फक्त निकाल सांगायचा.

"त्या दिवशी ती पोह्यांना फोडणी देऊन तशीच आली होती," ते पुढे म्हणाले. "लिंबू लावलं नव्हतं. कागदावर हळद असणार." ते थोडा वेळ कढईवरचे झाकण नीट करत राहिले. "डाग असला तरी वैध धरा."

मी मान हलवली.

"आणि माझ्याविरुद्ध असलं तर सरळ सांगा. आडपडदा नको. मागे माझ्या तोंडावर सांगितलं होतंत तुम्ही, सगळ्यांची मोजून. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. म्हणून तर किल्ली तुमच्याकडे आहे."

मग ते खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. किल्ली मी कुलपाला लावली. ती इतकी वर्षे खुंटीवर राहूनही गंजली नव्हती, सहज आत गेली. ती फिरवायची तेवढी राहिली होती. आता मोजायचे आणि निकाल सांगायचा, एवढेच माझ्याकडून अपेक्षित होते, आणि पाटणकरांनी माझा प्रत्येक शब्द खरा मानला असता.

मी किल्ली बाहेर काढली, पेटीच्या झाकणावर ठेवली आणि बोललो.

"काय?" पाटणकर पाठमोरेच म्हणाले. "मोठ्यानं बोला, पंखा चालू आहे."

मी उठून पंखा बंद केला असता तर पुन्हा बसून चहा मागितला असता, एवढा मी मला ओळखतो. म्हणून पंखा तसाच राहू दिला, आणि माझ्याच कानाला परक्या वाटणाऱ्या आवाजात म्हणालो, "पाटणकर, मी तेव्हा मोजलं नव्हतं. कुणालाही विचारलं नव्हतं. वहिनी आपणहून आमच्या दारात येऊन सांगून गेल्या होत्या, माझं मत ह्यांनाच. मला ते माहीत होतं आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला क्षमा करा."